इंग्रजी येतं, पण उच्चारांचं काय?

(लासुर्णे, ता. इंदापूर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं.)



तत्त्वज्ञानाचा माणूस इंग्रजी उच्चारांवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. रास्त आहे. पण माणूस बोलतो एक आणि समोरच्याला ऐकू येतं दुसरंच, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. आम्ही वर्गात तो 'अर्थ' या नावाखाली शिकवत आलो. आज तो 'उच्चार' या नावाखाली पाहू, एवढाच फरक.

आजचं बोलणं कुणासाठी, हे आधी सांगतो. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी हे नाही. ज्यांना चांगलं येतं, त्यांच्यासाठी आहे. पदवी इंग्रजीतून झाली आहे, मेल बिनचूक लिहिता येतो, इंग्रजी पेपर चहाबरोबर वाचून होतो. आणि तरी फोनवर परदेशातला माणूस दोनदा 'सॉरी?' म्हणतो. तिसऱ्यांदा तो 'सॉरी' म्हणत नाही, नुसता 'ओके' म्हणतो. तेव्हा आपल्याला कळतं की त्याला काही कळलेलं नाही. द्राक्षाचा कंटेनर युरोपला पाठवणारा आपला शेतकरी, वालचंदनगरच्या कारखान्यातून परदेशी ग्राहकाशी बोलणारा इंजिनिअर, हिंजवडीत नोकरी करणारी आपल्या गावची मुलगी, परदेशातल्या रुग्णालयात गेलेली परिचारिका, हे सगळे या गटात येतात. यांचं अडतं ते व्याकरणात नाही, शब्दसंग्रहातही नाही.

आणि ते साहजिकही आहे. आपल्याकडे इंग्रजी डोळ्यांनी शिकलं गेलं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन कितीतरी पिढ्या घडल्या. फार मोठं काम त्या पुस्तकांनी केलं. पण पुस्तक बोलत नाही. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना इंग्रजी पाचवीत भेटलं, काहींना आठवीत. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांमध्येही ते पहिलीपासून आलं. वय अलीकडे आलं, पण शिकण्याची रीत पुष्कळशी तीच राहिली: फळ्यावरचं स्पेलिंग वाचायचं, आणि जसं दिसतं तसं बोलायचं. मराठी जशी लिहितो तशी जवळजवळ बोलतो, म्हणून आपल्याला वाटतं इंग्रजीही तशीच असणार. ती तशी नाही.

दोष जिभेचा की कानाचा?

'आमची जीभ जड आहे' असं लोक म्हणतात. ज्या जिभेला 'ळ' येतो, 'ण' येतो, 'ज्ञ' येतो, ती जीभ जड कशी असेल? अडचण कानात आहे. नेमकं सांगायचं तर कानामागच्या मेंदूत आहे.

त्रुबेट्स्कॉय नावाचे रशियन भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांचा ग्रंथ १९३९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली आहे. परकी भाषा आपण थेट ऐकत नाही, या चाळणीतून ऐकतो. आपल्या भाषेला जो फरक महत्त्वाचा, तो चाळणी पकडते. जो महत्त्वाचा नाही, तो तिच्यातून निसटतो. 'ताक' आणि 'टाक' यांतला फरक आपलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. इंग्रज माणसाला तो ऐकूच येत नाही, कारण त्याच्या भाषेत त या बाजूला आणि ट त्या बाजूला, असे दोन कप्पेच नाहीत.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक समजत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत ही क्षमता बरीचशी ओसरली होती. बाळ मंद झालं म्हणून नव्हे. आपल्या घरात कोणते फरक उपयोगाचे आहेत, हे ते शिकलं आणि बाकीचे त्यानं सोडून दिले. चाळणी वर्षाच्या आत विणली जाते.

मग मोठ्या माणसाला काही आशा आहे का? आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रौढ जपानी माणसांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' ओळखायला शिकवलं. जपान्यांना हा फरक फार जड जातो. एकाच माणसाच्या आवाजात न ऐकवता त्यांनी तेच शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले. कान सुधारले. पुढे १९९७ मध्ये त्याच धर्तीच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बोलण्याचा सराव दिलेला नसतानाही, नुसतं ऐकण्याच्या सरावानं त्यांचे उच्चारही सुधारले. आधी कान, मग जीभ, हा क्रम लक्षात ठेवा.

मराठी माणसाची शिल्लक

चुका सांगण्याआधी आपल्या खात्यात काय जमा आहे ते पाहू. कारण आपण परक्या भाषेसमोर उभे राहतो ते उगाच रिकाम्या हातानं आल्यासारखे.

मराठीत 'ज' दोन आहेत. 'जेवण'मधला एक, 'जागा'मधला दुसरा. हा दुसरा इंग्रजीतल्या 'झू', 'झिरो' यांच्या आवाजाला खूप जवळचा आहे. हिंदीभाषक मित्रांपैकी पुष्कळांना तो मुद्दाम शिकावा लागतो. आपण 'रोज', 'माझं' म्हणताना त्याच्या शेजारीच असतो. फक्त जिभेचा दातामागचा स्पर्श काढून टाकायचा आणि भुंग्यासारखा आवाज चालू ठेवायचा. फसगत होते ती दुसरीकडे. इंग्रजीत 's' लिहिलेला असतो आणि आवाज हा भुंग्याचा असतो. 'बुक्स'मध्ये स आहे, पण 'डॉग्ज'मध्ये तो नाही. 'इज', 'वॉज', 'बिकॉज' यांतही नाही.

दुसरी शिल्लक म्हणजे 'अ'. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर म्हणजे एक पुसटसा, जोर नसलेला 'अ'. 'अबाउट'मधला पहिला, 'टीचर'मधला शेवटचा. आपला 'अ' त्याच्या अगदी जवळचा आहे. तिसरी शिल्लक म्हणजे 'बॅट'मधला ॲ आणि 'बॉल'मधला ऑ. इंग्रजी शब्दांसाठी आपण ही चिन्हं लिपीत आणली. एखाद्या भाषेसाठी स्वतःच्या लिपीत जागा करून देणारा समाज उच्चारांबाबत बेफिकीर आहे, असं कोण म्हणेल?

आणि आपल्या भागात तर इंग्रजी शब्द मातीत मुरले आहेत. टंबलरचं टमरेल झालं, ऑर्डर्लीचा अर्दली झाला, बॉटलची बाटली झाली. इथून वालचंदनगरच्या वाटेवर 'जंक्शन' आहे. तो आता इंग्रजी शब्द राहिलेलाच नाही, ते आपल्या गावाचं नाव आहे. ते आपण आपल्या पद्धतीनंच म्हणायचं. मराठीत आलेला शब्द मराठी. आपला प्रश्न आपण इंग्रजी वाक्य बोलतो तेव्हाचा आहे.

सगळ्यात आधी: जोर

आता मुद्द्याला येऊ. एकच गोष्ट सुधारायची असेल तर कोणती? आमचं उत्तर: शब्दातला जोर, म्हणजे आघात.

महाभाष्यात पतंजलींनी उल्लेखलेली वृत्राची कथा तुम्हांला ठाऊक असेल. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. यज्ञात 'इंद्रशत्रु' हा शब्द उच्चारताना स्वर चुकला. 'इंद्राला मारणारा' असा अर्थ हवा होता, तो 'इंद्र ज्याला मारणारा आहे असा' झाला. अक्षरं तीच, स्वर हलला आणि अर्थ उलटा झाला. वैदिक स्वर हा आवाजाच्या चढउताराचा होता आणि इंग्रजीतला आघात थोडा वेगळा आहे, पण मुद्दा तोच.

आजच्या मराठीत आघातानं शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वाटा देतो, पंगतीत वाढावं तसं. इंग्रजीत शब्दातलं एक अक्षर मोठं होतं आणि बाकीची अंग चोरून बसतात. 'फोटग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फटॉग्रफी'मध्ये 'टॉ'वर. 'फोटग्रॅफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. आणि जोर गेला की स्वरही पुसट होतो. पहिल्या शब्दातला ठसठशीत 'फो' दुसऱ्या शब्दात नुसता 'फ' होऊन जातो.

रोजच्या व्यवहारातले शब्द घ्या. 'एक्स्पोर्ट' हे नाम असेल तर जोर पहिल्या 'एक्स'वर, क्रियापद असेल तर 'पोर्ट'वर. 'कंटेनर'मध्ये 'टे'वर. 'सर्टिफिकेट'चा शेवट आपण ठासून 'केट' म्हणतो. इंग्रजीत जोर 'टि'वर आहे आणि शेवट नुसता 'कट' असा पुसट होतो. 'डेव्हलप'मध्ये जोर 'व्हे'वर आहे, 'डे'वर नाही. 'इन्शुरन्स'मध्ये 'शु'वर, 'इव्हेंट'मध्ये 'व्हें'वर, 'हॉटेल'मध्ये 'टेल'वर. 'ॲग्रिकल्चर'मध्ये मात्र पहिल्या 'ॲ'वर. डाळिंबाला इंग्रजीत जो शब्द आहे, 'पॉमग्रॅनिट', त्यातही पहिल्या 'पॉ'वर.

हे सगळं पाठ करायचं का? थोडे नियम आहेत. ज्या शब्दांच्या शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' येतं, त्यांत जोर सहसा त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर असतो. 'एज्युकेशन'मध्ये 'के'वर, 'इकॉनॉमिक'मध्ये 'नॉ'वर, 'युनिव्हर्सिटी'मध्ये 'व्हर'वर. ज्यांच्या शेवटी 'इअर' येतं ते जोर स्वतःकडे घेतात: 'इंजिनिअर', 'व्हॉलंटिअर'. इंजिनिअर मंडळी स्वतःच्या पदाचा जोर बहुधा पहिल्या अक्षरावर देतात. तो शेवटावर आहे.

हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले, म्हणजे आज जे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ आहे तिथले, आर. के. बन्सल यांनी १९६९ साली भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवर अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीयांचं बोलणं ब्रिटिश श्रोत्यांना सरासरी सुमारे ७० टक्के समजलं. न समजण्याच्या कारणांत चुकीच्या आघाताला त्यांनी फार वरचं स्थान दिलं. विचार करा, बोलणारे सगळे शिकलेले होते.

पैशाशी गाठ असलेले दोन जोर

दोन गोष्टी खास सांगतो, कारण त्यात व्यवहार बुडू शकतो.

पहिली, आकडे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'. आपण दोन्हींत 'फिफ'वर सारखाच जोर देतो आणि शेवट गिळतो. पंधरा सांगताना 'टीन'वर जोर द्या आणि तो लांबवा. पन्नास सांगताना 'फिफ'वर जोर द्या आणि 'टी' आखूड ठेवा. फोनवर भाव किंवा पेट्यांची संख्या ठरत असेल तर त्यापुढे 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झिरो' असे आकडे सुटेही सांगा. त्यात कमीपणा काही नाही. विमानाचे वैमानिकसुद्धा आकडे सुटेच सांगतात.

दुसरी, 'कॅन' आणि 'कांट'. 'आम्ही सोमवारी माल पाठवू शकतो' हे इंग्रजीत सांगताना 'कॅन' वर जोर नसतो. तो शब्द 'कन' एवढाच होतो आणि जोर 'पाठवणे' या क्रियापदावर जातो. आपण उत्साहानं 'वुई कॅन सेंड' म्हणतो. अमेरिकन माणसाच्या 'कॅन्ट'मध्ये, म्हणजे 'शकत नाही' या शब्दात, नेमका असाच ठळक 'कॅ' असतो आणि शेवटचा 'ट' तो जवळजवळ गिळतो. त्यामुळे आपला ठासून दिलेला होकार त्याच्या कानाला नकार वाटू शकतो. होकार द्यायचा तर 'कॅन' हलका ठेवा.

यातच वाक्याचा नियमही आला. अर्थाचे शब्द, म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण, जड. जोडकामाचे शब्द हलके. आणि अर्थाच्या तुकड्यांवर थांबा. पुष्कळदा आपण भरभर बोललो की अस्खलित वाटेल म्हणून धावतो. ऐकणाऱ्याला थांबे हवे असतात.

व्यंजनं आणि स्वर

आता सुट्या आवाजांकडे.

पहिलं, प-ट-क. इंग्रजीत हे शब्दाच्या सुरुवातीला आले आणि अक्षरावर जोर असला, की त्यांच्याबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. आपल्याकडे झोत असला की अक्षरच बदलतं: प चा फ होतो, क चा ख होतो. म्हणून आपण इमानदारीनं झोत टाळतो. परिणाम असा की इंग्रजी कानाला आपला 'पॅक' हा 'बॅक'सारखा आणि 'टाउन' हा 'डाउन'सारखा वाटतो. आपण 'कोट' म्हणतो आणि त्याला शेळी ऐकू येते. उपाय सोपा आहे. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा आणि 'पेपर' म्हणा. पहिल्या प ला पट्टी हलली पाहिजे. जुनी माणसं ओठ पूर्ण मिटून 'फळ' म्हणत, त्या फ ची थोडी झाक प मध्ये येऊ द्या. क मध्ये ख ची, ट मध्ये ठ ची. मात्र आधी 'स' असेल तर झोत नको. 'स्पिन', 'स्टोन', 'स्काय' आपल्या पद्धतीनंच बरोबर आहेत.

दुसरं, व्ह आणि व. इथे आपल्या लिपीनं मदतही केली आहे आणि घोटाळाही. इंग्रजीतले दोन आवाज आपण लिहिताना वेगळे ठेवतो: 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट', 'व्हाइन' आणि 'वाइन'. म्हणजे फरक आपल्याला माहीत आहे. पण 'व्ह' वाचताना आपण 'केव्हा', 'तेव्हा'सारखा ह मिसळतो. इंग्रजीत त्यात ह नाही. वरचे दात खालच्या ओठावर हलकेच टेकवायचे आणि आवाज घुमवायचा, झाला 'व्ह'. ओठांचा चंबू करायचा, दात लावायचेच नाहीत, झाला 'व'. आरशासमोर आठ दिवसांत जमतं.

तिसरं, ऱ्हस्व-दीर्घ. शुद्धलेखनात आपण ऱ्हस्व-दीर्घासाठी मार खाल्ला, कारण बोलताना आपण तो फरक फारसा पाळत नाही. इंग्रजीत तो पाळावा लागतो. 'शिप' म्हणजे जहाज, 'शीप' म्हणजे मेंढी. 'फिल' म्हणजे भरणे, 'फील' म्हणजे वाटणे. तसंच 'पेन', 'पॅन' आणि वेदना या अर्थाचा 'पेइन' हे तीन वेगळे आहेत. मराठीत पहिला आणि तिसरा आपण सारखेच लिहितो. आणखी एक बारकी गोष्ट. 'कॅप' आणि 'कॅब', 'बॅक' आणि 'बॅग' या जोड्यांत इंग्रजी कान शेवटच्या व्यंजनापेक्षा स्वराची लांबी ऐकतो. 'बॅग'मधला ॲ लांबवा.

चौथं, शब्दांचे शेवट. भूतकाळाचा 'ed' दिसला की आपण 'आस्केड', 'वॉश्ड' ऐवजी 'वॉशेड' म्हणतो. 'आस्क्ट', 'वॉश्ट', 'लुक्ट' असं म्हणायचं असतं. आधी ट किंवा ड असेल तरच वेगळं अक्षर होतं: 'वॉन्टिड', 'नीडिड'. 'प्लंबर', 'डेट' म्हणजे कर्ज, 'थम' म्हणजे अंगठा, यांतला 'ब' लिहायचा, बोलायचा नाही. 'व्हेजिटेबल' तीन अक्षरांत संपतो: 'व्हेज-ट-बल'.

आणि पाचवं, 'थ'. 'थिंक', 'थ्री' यांत इंग्रज माणूस जीभ दातांत धरून हवा सोडतो, आपण थेट 'थ' म्हणतो. पुष्कळ क्लासांत पहिला महिना याच्यावर जातो. तो नंतर करा. जेनिफर जेन्किन्स या अभ्यासिकेनं २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा प्रश्न विचारला, की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही असे दोघे आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा अडतं कशानं? तिच्या यादीत प-ट-क चा झोत आहे, स्वरांची लांबी आहे, वाक्यातला जोर आहे. 'थ' मात्र तिनं बाजूला ठेवला, कारण त्यावाचून अडत नाही. शब्दातल्या आघातालाही तिनं बन्सल यांच्याएवढं महत्त्व दिलेलं नाही. मतभेद का, तर श्रोते वेगळे. तुमचा श्रोता लंडनचा असेल तर बन्सल यांचं ऐका. जपानचा किंवा ब्राझीलचा असेल तर जेन्किन्सबाईंचं.

कुणासारखं बोलायचं?

इथे खरा प्रश्न येतो. हे सगळं कशासाठी? साहेबासारखं दिसण्यासाठी?

बायबलच्या शास्ते या पुस्तकात एक कथा आहे. गिलादच्या लोकांनी यार्देन नदीच्या उतारावर शत्रू ओळखण्यासाठी एकच शब्द म्हणायला लावला: 'शिब्बोलेथ'. एफ्राईमच्या माणसांना 'श' येत नव्हता, ते 'सिब्बोलेथ' म्हणत. जो तसं म्हणाला तो मारला गेला. तिथे ४२ हजारांचा आकडा दिला आहे. आपल्याकडे कुणी 'शाळा'ला 'साळा' म्हणालं तर मारत नाहीत. हसतात. पण इथली किती पोरं पुण्यात जाऊन 'आनि-पानी' या दोन शब्दांवरून वर्गात गप्प बसली, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहिलं आहे. न आणि ण मध्ये अर्थ समजायला कुणाचंही अडत नव्हतं. आणि 'आणि-पाणी' शिकून तीच पोरं पुढे इंग्रजीत गेली, तेव्हा तिथे पुन्हा नव्यानं हसणारे भेटले.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, समजणं. दुसरी, मान. माझं बोलणं समोरच्याला कळावं यासाठी उच्चार सुधारणं हे सौजन्य आहे, आपण अक्षर नीट काढतो तसं. पण मी अमुक ठिकाणचा आहे हे कळूच नये म्हणून उच्चार बदलणं, हा वेगळा खटाटोप आहे. त्याला अंत नाही. पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' केलं, १९७५ साली ते रंगभूमीवर आलं. प्राध्यापक मंजुळेची भाषा बदलतो. पण भाषा बदललेल्या मंजुळेनं आता कुठे जायचं, हा प्रश्न त्याला आधी सुचलेलाच नसतो.

गांधीजी १८८८ साली इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांनीही सभ्य इंग्रज होण्यासाठी नाच, फ्रेंच, व्हायोलिन आणि वक्तृत्वाची शिकवणी लावली. वक्तृत्वासाठी बेल यांचं पुस्तक घेतलं. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलचे वडील आणि काका यांचं ते पुस्तक. तीनेक महिन्यांत हा नाद त्यांनी सोडला, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलं आहे. पुढे त्यांचं इंग्रजी ऐकायला जग थांबलं, आणि ते शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला भारतीयच वाटत राहिलं.

पण याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'आम्ही आमच्यासारखंच बोलणार, समजलं तर समजलं' हा बाणा स्वाभिमानाचा वाटतो, पण त्याची किंमत बहुधा दुबळाच मोजतो. मोठ्या कंपनीचा मालक कसाही बोलला तरी लोक कान देऊन ऐकतात. मुलाखतीला गेलेल्या पोराला दुसरी संधी मिळत नाही. परिचारिकेनं औषधाचं प्रमाण पंधरा सांगितलं आणि पन्नास ऐकलं गेलं, तर प्रश्न मानाचा राहत नाही. संवादाचं ओझं दोघांचं आहे, ऐकणाऱ्याचंही. पण आपल्या वाट्याचं आपण उचलावं.

रोज पंधरा मिनिटं

आता कृती. एक, तुमच्या कामातले पन्नास शब्द वहीत लिहा. सगळी इंग्रजी भाषा नको, तुमच्याच धंद्यातले पन्नास. दोन, प्रत्येक शब्द आवाज असलेल्या ऑनलाइन शब्दकोशात ऐका आणि जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. डॅनिअल जोन्स यांनी १९१७ साली इंग्रजी उच्चारांचा कोश काढला, तेव्हा उच्चार कागदावरच्या चिन्हांतून समजून घ्यावे लागत. तुमच्या खिशात आज तो बोलतो. तीन, एकच शब्द तीन-चार वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐका. चार, एखाद्या संथ बोलणाऱ्या माणसाचं एक मिनिटाचं बोलणं निवडा आणि त्याच्या मागोमाग, अर्ध्या क्षणाच्या अंतरानं, सावलीसारखे बोला. पाच, स्वतःचा आवाज फोनवर टिपा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकू नका, लगेच आपलं सगळं बरोबरच वाटतं. एका आठवड्यात एकच गोष्ट घ्या. या आठवड्यात फक्त जोर, पुढच्या आठवड्यात फक्त प-ट-क.

प्रश्नोत्तरं

*सर, आमचं वय पन्नास झालं. आता जीभ वळेल का?*

लहान मुलासारखी वळणार नाही. पण तुम्हांला लहान मुलासारखं बोलायचं कुठे आहे? वर सांगितलेले जपानी लोक प्रौढच होते. आघात ही तर जिभेची गोष्टच नाही, लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे. ती कोणत्याही वयात जमते.

*मुलांना इंग्रजी माध्यमात घातलं की उच्चार आपोआप सुधारतात का?*

माध्यमानं उच्चार येत नाहीत, कानावर पडल्यानं येतात. मुलाच्या कानावर जे पडेल ते त्याच्या जिभेवर येणार. शिक्षकही आपल्याच चाळणीतून शिकलेले आहेत, त्यात त्यांचा दोष नाही. मराठी शाळेतल्या मुलाला रोज दहा मिनिटं चांगलं इंग्रजी ऐकवलं आणि त्यावर बोलतं केलं, तर ते मागे राहणार नाही. आणि मराठी पक्की असेल तर त्याला कुठला आवाज कुठून निघतो हे समजावून सांगणंही सोपं जातं. ट, ठ, त, थ त्याला आधीच वेगळे करता येत असतात.

*अमेरिकन उच्चार शिकावेत की ब्रिटिश?*

ज्यांच्याशी रोज बोलायचं आहे त्यांचे. कुणीच ठरलेलं नसेल तर कोणतेही एक घ्या आणि त्याला धरून राहा. एका वाक्यात लंडन आणि पुढच्या वाक्यात न्यूयॉर्क असं झालं, की ऐकणाऱ्याचा कान गोंधळतो. आणि खाली आपली मराठी लय राहिली तर राहू द्या. कुणाचं काही अडत नाही.

*सर, मित्र हसतात. त्याचं काय करायचं?*

त्यांना विचारा, 'मी काय म्हणालो ते तुला समजलं का?' समजलं असेल तर बोलणं पुढे चालू ठेवा. समजलं नसेल तर तो शब्द वहीत लिहा. हसणं वहीत लिहायची गरज नाही.

वेळ झाली आहे. घरी जाऊन पन्नासपैकी पहिले पाच शब्द आजच लिहा.